काळा दगड, मळी आणि मोबाइल

‘क्रिटिकल मिनरल्स’ हा शब्द आता गावच्या कट्ट्यावर पोचलाय. पण कथील आणि टँटलम नेमकं कुठे मिळतं, कुठे मिळूच शकत नाही, आणि जिथे मिळतं तिथे ते वेचणाऱ्यांच्या हाती काय पडतं?

‘बिद्रीत टँटलम घावलंय. तुझ्या ऑफिसात कुणाला तरी विचार.’

मामेभावाच्या या मेसेजसोबत एक फोटोही होता. वर्तमानपत्रावर ठेवलेला, सोललेल्या नारळाएवढा काळा कुळकुळीत दगड. शेजारच्या एका शेतकऱ्याला विहीर खोल करताना तो सापडला होता. कुठल्याशा ‘पार्टी’ने येऊन त्याला सांगितलं होतं की, हे टँटलमचं खनिज आहे, मोबाइलमध्ये जातं, किलोला लाखांत भाव आहे, गिऱ्हाईक तयार आहे. फक्त आधी लॅब टेस्टचे पंचवीस हजार भरा. शेतकरी ते उसाच्या बिलातून द्यायला निघाला होता.

मोबाइलमध्ये टँटलम असतं एवढं मलाही ठाऊक होतं. पण ते बिद्रीच्या विहिरीत असू शकतं का? नेटवर तासभर डोकं घातलं आणि शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून कोल्हापूर गाठलं. वीकेंडला कोल्हापूर म्हटलं की ऑफिसातली मंडळी तांबडा-पांढरा आणि मिसळीपलीकडे जात नाहीत. मी बॅगेत विमानप्रवासाला लागतो तसला हातातला लगेज काटा टाकला होता. टीममधल्यांनी मला वेड्यात काढलं. असो.

बिद्री कागल तालुक्यात, कोल्हापूरहून गारगोटीला जाताना रस्त्यावरच लागतं. एका अंगाला दूधगंगा, दुसऱ्या अंगाला वेदगंगा, मध्ये नजर जाईल तिथवर ऊस. गावाचं नाव राज्यात ठाऊक आहे ते मौनीनगरच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. माझे मामा तिथेच पॅनवर होते. म्हणजे उसाच्या रसाची साखर होते तो क्षण ज्यांच्या डोळ्यांसमोर घडतो, त्या लोकांपैकी एक. या सगळ्या प्रकरणात मला खरी मदत झाली ती त्यांचीच, पण ते पुढे.

आधी दगड.

टँटलमच्या खनिजाची ओळख पटवायला पंचवीस हजार लागत नाहीत, निदान पहिल्या चाळणीला तरी नाही. ते प्रचंड जड असतं. त्याच आकाराच्या पाण्याच्या सहा-सात पट, कधी आठ पट. कथलाचं खनिज कॅसिटेराइट, तेही सात पटींच्या आसपास. आपल्या घाटावरचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, जेमतेम तीन पट. दगड आधी नुसता टांगून तोलायचा. मग दोरीला बांधून बादलीत, तळाला टेकू न देता, पूर्ण बुडवून तोलायचा. वजनात जेवढी घट येते, तिने पहिल्या वजनाला भागायचं. आपला दगड हवेत १.८६ किलो भरला, पाण्यात १.२४. घट ०.६२. भागाकार बरोबर तीन.

अंगणात जमलेल्या पंधरा माणसांसमोर तो आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आला आणि दोन मिनिटं कुणी बोललं नाही. ‘म्हंजे आपलाच पांढरीतला धोंडा?’ शेतकऱ्याने विचारलं. तर होय, आपलाच.

आणि भावाची गोष्ट म्हणाल, तर २०२० ते २०२४ या काळात टँटलमच्या खनिजाचा भाव त्यातल्या ऑक्साइडच्या वजनावर किलोला दीडशे-पावणेदोनशे डॉलरच्या घरात होता. म्हणजे हजारांत. लाख वगैरे काही नाही.

गूळ, साखर आणि मळी

पण हा एक दगड नाही निघाला म्हणून दुसरा निघणार नाही असं कशावरून? हा प्रश्न मामेभावाने विचारला आणि तो रास्त होता. कोल्हापूर जिल्ह्यात खनिज नाही असं थोडंच आहे? राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या माथ्यांवर बॉक्साइट आहेच. मग कथील, टँटलम का नाही?

मी पुस्तकी भाषेत सांगायला लागलो. पृथ्वीच्या पोटात शिलारस थंड होतो, त्यातून स्फटिक बाहेर पडतात, काही मूलद्रव्यं त्यांत मावत नाहीत... मामा ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘थांब. हे तर आमच्या पॅनचंच झालं की रं.’

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझाच फंडा क्लिअर झाला.

कारखान्यात रस आटवून पॅनमध्ये शिजवतात तेव्हा साखरेचे दाणे धरायला लागतात. दाण्यात फक्त साखर जाते. रसातले क्षार, रंगाची द्रव्यं आणि बाकी लटांबर बाहेर राहतं. दाणे वेगळे काढून उरलेला रस पुन्हा शिजवायचा, पुन्हा दाणे काढायचे. प्रत्येक फेरीला उरलेला रस जास्त काळा, जास्त चिकट, आणि साखरेला नको असलेल्या गोष्टींनी जास्त भरलेला. शेवटी दाणा धरेनासा झाला की उरते ती मळी. ‘साखरंला जे नको, ते समदं मळीत,’ मामा म्हणाले.

ग्रॅनाइटचं नेमकं हेच होतं. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारसाचा साठा लाखो वर्षं सावकाश थंड होतो. त्यातून क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक यांचे दाणे धरतात. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. (बिद्रीहून पुढे जे गाव लागतं त्याचंही नाव गारगोटी, पण तिथेही पायाखाली बेसॉल्टच आहे.) या दाण्यांच्या जाळीत प्रत्येक अणू बसत नाही. कुणाचा आकार जुळत नाही, कुणाचा विद्युतभार. टँटलमच्या अणूवर पाच घरांचा भार, त्याला या चाळीत खोली मिळत नाही. नायोबियम, लिथियम, बेरिलियम, सिझियम आणि बहुतेक वेळा कथील, यांचीही तीच रडकथा. ते सगळे उरलेल्या रसात साठत जातात. साध्या खडकात टनामागे एक-दोन ग्रॅम असणारं टँटलम असं फेरीफेरीने दाटत जातं.

हा शेवटचा रस म्हणजे ग्रॅनाइटची मळी. त्यात पाणी भरपूर असतं, शिवाय फ्लोरिन आणि बोरॉन. त्यामुळे तो बराच थंड होईपर्यंत पातळ राहतो आणि आजूबाजूच्या खडकाच्या फटींत घुसतो. तिथे तो गोठला की होतो पेग्मटाइट. पातळ रसात अणूंना हिंडायला मोकळीक मिळते, म्हणून त्याचे दाणे अवाढव्य असतात. साखर आणि खडीसाखरेत जो फरक, तो ग्रॅनाइट आणि पेग्मटाइटमध्ये. वीतभर अभ्रक, हातभर फेल्डस्पार आणि त्यांच्या अधेमधे काळे, जड, चकाकणारे खडे. तेच कॅसिटेराइट आणि कोलंबाइट-टँटलाइट. कोलंबाइटमध्ये नायोबियम जास्त, टँटलाइटमध्ये टँटलम. रस जितका शेवटापर्यंत तगला, तितकं टँटलमचं पारडं जड.

आता बिद्रीचा काळा दगड. तो ग्रॅनाइटच्या कुळातला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर लाव्हा वाहिला आणि उघड्यावर भराभर गोठला. फेऱ्या नाहीत, मळी वेगळी काढणं नाही, सगळं एकत्रच घट्ट झालं. ‘म्हंजे गूळ,’ मामा म्हणाले. अगदी गूळ! काहिलीतून वाफ्यात ओतला, जे होतं ते सगळं त्यातच. उपमा इथे थोडी लंगडते, कारण बेसॉल्टचा रस पृथ्वीच्या आणखी खोल भागातून येतो आणि त्यात कथील, टँटलम मुळातच नगण्य असतं. ऊसच वेगळा. पण निष्कर्ष तोच. आमच्या माथ्यांवरचं बॉक्साइट हे याच गुळाला लाखो वर्षं पावसाने धुतल्यावर मागे राहिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. पाऊस कितीही पडला तरी जे आत नव्हतंच, ते वर येणार कुठून?

गुळाखाली मात्र साखर आहे! कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं, २०१७मध्ये ते पुरं झालं. १२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली जुना ग्रॅनाइट आणि नाइस खडक लागला. आपल्या पायाखाली असा जुना पाया आहे, आणि तळकोकणात सिंधुदुर्गात तो उघडाही पडलाय. पण ग्रॅनाइट असला म्हणजे कथील असतंच असं नाही. शेवटच्या फेरीपर्यंत गेलेले ग्रॅनाइट थोडेच. देशात नाव घ्यायचं तर हरियाणात भिवानीजवळचा तोशाम डोंगर आणि छत्तीसगडचं बस्तर. देशात कथलाचं खनिज प्रत्यक्ष निघतं ते मात्र एकट्या छत्तीसगडमध्ये.

तुमच्या खिशात काय आहे

कथील म्हटलं की आपल्या आईला कल्हई आठवते. भाता, लाल झालेलं पातेलं, नवसागराचा पांढरा धूर, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवला की चांदीसारखी झळकणारी आतली बाजू. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून ते रस्त्याच्या कडेला एवढ्याशा भट्टीवर जमतं. टँटलम वितळायला तीन हजार अंश लागतात. एका मळीतून निघालेले हे दोन भाऊ, स्वभाव मात्र दोन टोकांचे.

कल्हईवाला दिसेनासा झाला, पण कथील काही गेलं नाही. ते फक्त पातेल्यातून सर्किट बोर्डावर गेलं. जगातलं जवळपास निम्मं कथील आज सोल्डरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीत, खपतं. २००६च्या जुलैपासून युरोपने शिशाच्या सोल्डरवर बंदी घातली आणि कथलाचा भाव आणखी वधारला, कारण नव्या सोल्डरमध्ये शेकडा पंचाण्णवच्या वर कथीलच. २०२२च्या मार्चमध्ये लंडनच्या धातुबाजारात कथील टनाला ५०,००० डॉलरच्या आसपास गेलं होतं.

टँटलमचा खेळ वेगळा. स्वीडनच्या आंदेर्स एकेबर्गने ते १८०२मध्ये शोधलं. अ‍ॅसिडात बुडवलं तरी ते अ‍ॅसिड पीतच नाही, म्हणून ग्रीक पुराणातल्या टँटलसचं नाव त्याला मिळालं. गळ्यापर्यंत पाण्यात उभा, पण घोटभर पिता येत नाही, असा शाप भोगणारा तो राजा. त्याच्या बारीक भुकटीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवला की टीचभर जागेत भरपूर वीज साठवणारा कपॅसिटर तयार होतो. मोबाइल हाताच्या पंज्यात मावायला लागले त्यात याचा मोठा वाटा होता. २०००मध्ये मोबाइलची लाट आली तेव्हा टँटलमच्या भावाने जे काही केलं, ते शेअर बाजारवाल्यांनाही लाजवेल असं होतं. हल्लीच्या फोनमध्ये सिरॅमिकच्या कपॅसिटरनी त्याची बरीच जागा घेतलीय, पण लॅपटॉप, सर्व्हर, पेसमेकर, विमानाची इंजिनं, हाडांतली रोपणं इथे ते आहेच. सारं जग वर्षाला साधारण दोन हजार टन टँटलम काढतं. बिद्रीचा कारखाना एका दिवसात त्याहून जास्त वजनाचा ऊस गाळतो.

त्यातला मोठा वाटा काँगो आणि रुवांडामधून येतो. काँगोच्या रुबाया खाणी २०२४च्या एप्रिलअखेरीस एम-२३ बंडखोरांच्या ताब्यात गेल्या. तुमची कंपनी अमेरिकन असेल तर तिच्या वेबसाइटवर कोपऱ्यात कुठेतरी ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल्स’चं निवेदन सापडेल. अमेरिकेच्या २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने जे चार धातू त्यात घातले, त्यांत सोनं आणि टंगस्टनबरोबर आपले हे दोघेही आहेत.

बस्तरची वाळू

काँगो लांब. बस्तर आपल्या गडचिरोलीला लागून. एके काळी ते नागपूरकर भोसल्यांचं मांडलिक संस्थान होतं, आणि तिथली हलबी बोली कानावर पडली तर मराठी माणसाला निम्मी तरी कळते. ग्रियर्सनने भाषांच्या पाहणीत हलबीला मराठीच्याच खंडात बसवलं होतं.

१९७०च्या दशकात या भागात कथील असल्याचं लक्षात आलं. दंतेवाडा आणि सुकमा जिल्ह्यांतला कटेकल्याण, तोंगपाल, गोविंदपाल, चितलनार, मुंडवाल हा टापू. इथले पेग्मटाइट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासच्या फार जुन्या काळातले. काहींत जांभळट अभ्रक, लेपिडोलाइट, म्हणजे लिथियम. आणि कॅसिटेराइटसोबत कोलंबाइट-टँटलाइटही. खडक झिजला, हलकं ते पाण्याने वाहून नेलं, जड खडे ओढ्यांच्या तळाशी आणि शेतांच्या मातीत अडकून राहिले. नदीने फुकटात पाखडून ठेवलेलं धान्यच म्हणा ना.

ते वेचतात आदिवासी. खड्डा खणायचा, रेताड माती पसरट भांड्यात घ्यायची, पाण्यात गोल गोल हलवायची. वाळू निसटते, तळाशी काळे दाणे राहतात. घरातली बाई, म्हातारा, पोरगं, सगळे या कामाला. हे खनिज राज्याचं खनिज विकास महामंडळ विकत घेतं, किलोवर पैसे मिळतात. आपल्याकडे तेंदूपत्ता जसा विकतात, तसं.

आता गंमत बघा. ज्या धातूचा भाव लंडनमध्ये मिनिटामिनिटाला हलतो, त्याच्या खनिजाचा भाव या माणसांसाठी सरकारी कागदावर ठरतो. महामंडळाचा भाव आणि बाहेरचा भाव यांत अंतर पडलं की खनिज बाहेर जातं, मग ती चोरटी वाहतूक ठरते आणि शेतातला काळा दाणा खिशात घेऊन बाजाराला निघालेला माणूस पोलिसांच्या हाती लागतो. खरेदी केंद्र लांब, पैसे उशिरा, दलाल मात्र दारात आणि रोख. मग कुणाला विकेल माणूस? मला तरी यात त्याचा गुन्हा दिसत नाही. २०२५मध्ये महामंडळाने खरेदीच्या दरात मोठी वाढ केली, पैसे थेट बँक खात्यात देण्याची व्यवस्था आणली. हे चांगलंच झालं, पण पन्नासेक वर्षं उशिरा.

टँटलमचं प्रकरण आणखी अवघड होतं. त्याच्या खनिजात बऱ्याचदा युरेनियम, थोरियमचा अंश असतो, त्यामुळे ते अणुखनिजांच्या यादीत होतं आणि त्याचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे. देशात टँटलम, नायोबियम शुद्ध करण्याचं काम होतं तेही हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये. २०२३मध्ये खनिज कायदा बदलला. टँटलम, नायोबियम, लिथियम, बेरिलियमची खनिजं त्या यादीतून काढली आणि खासगी कंपन्यांना लिलावात उतरण्याचा रस्ता खुला झाला. त्याच वर्षी केंद्राने ३० ‘क्रिटिकल मिनरल्स’ जाहीर केली, कथील आणि टँटलम दोन्ही त्यात. २०२५च्या जानेवारीत १६,३०० कोटींचं राष्ट्रीय मिशनही मंजूर झालं. बिद्रीच्या कट्ट्यावर ‘पार्टी’ पोचली ती या बातम्यांच्या मागोमाग.

भांड्यात माती हलवणारीला लिलावात जागा कुठे असेल, हा प्रश्न मला या सगळ्यात सगळ्यात मोठा वाटतो. आजवर तिचा भाव कमी होता, पण ओढा तिचा होता. उद्या पेग्मटाइटचा अख्खा पट्टा ब्लॉक म्हणून कुणी घेतला, पोकलेन लावले, तर ओढ्यातले खडे त्या ब्लॉकचे की गावाचे? दंतेवाड्यातल्या लोकांनी बैलाडिलाच्या लोखंडाच्या खाणी १९६०च्या दशकापासून पाहिल्यात. डोंगर कुणाला मिळतो आणि लाल पाणी कुणाच्या शेतात येतं, हे त्यांना कुणी पॉवरपॉइंटवर समजावून सांगायला नको.

मामांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना बाकी कशाचं नाही, पण एका गोष्टीचं नवल वाटलं. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो, दरवर्षी सभेत उठून दराबद्दल भांडतो, मळीचे पैसे कुठे गेले तेही विचारतो. ‘तिकडं ही सभा कधी असती?’ त्यांनी विचारलं.